फलंदाजांचा क्रम आणि कर्णधाराचा न्याय

आमच्या कोल्हापुरांत निकाल लावण्याची एक जुनी व सर्वमान्य रीत आहे. खासबागेच्या मैदानांत दोन मल्ल भिडतात, एकाची पाठ मातीला लागते, आणि निकाल लागतो. डाव योग्य वेळीं टाकला कीं अवेळीं, याची चर्चा घरीं जातांना वाटेनें होते. परंतु त्या चर्चेनें चितपट झालेला मल्ल उठून उभा राहत नाहीं. कुस्तीपुरती ही रीत निर्दोष आहे. तीच रीत घेऊन आपण क्रिकेटच्या कर्णधाराचा, संघ निवडणाऱ्या समितीचा, इतकेंच नव्हे तर इतिहासांतील सेनापतींचाही न्याय करूं लागतों, तेव्हां मात्र आपल्या हातून पुष्कळ अन्याय घडतो.

पानिपताचेंच उदाहरण घ्या. फेब्रुवारी १७६० मध्यें उदगीर येथें सदाशिवरावभाऊंनीं निजामाचा पराभव केला, तेव्हां तोफखाना व कवायती पलटणी यांवर भिस्त ठेवण्याचें त्यांचें धोरण दूरदृष्टीचें ठरलें. १४ जानेवारी १७६१ रोजीं सेनापति तोच होता, इब्राहिमखान गारदी तोच होता, धोरणही तेंच होतें; परंतु पराभव झाला, आणि तेव्हांपासून मल्हारराव होळकर व सूरजमल जाट यांचा सल्ला न ऐकणारा हट्टी सेनापति अशी भाऊंची गणना होऊं लागली. अकरा महिन्यांत शहाणपणाचा वेडेपणा कसा झाला, हें विचारणारे थोडे. उत्तरेंतील मुलूख निराळा होता, रसद तुटली होती, बाजारबुणगे व यात्रेकरू यांचें लोढणें बरोबर होतें, हीं कारणें खरीं आहेत. भाऊंचा दोष दाखवावयाचा तर तो या कारणांवरून दाखविला पाहिजे. हरले म्हणून चुकले, हें कांहीं कारण नव्हे. वर्गांतील विद्यार्थी हें पानिपताविषयीं चटकन् मान्य करतात. आदल्या दिवशींच्या सामन्याचा विषय निघाला कीं मात्र त्यांना त्याचा तितक्याच चटकन् विसर पडतो.

म्हणून प्रस्तुत लेखांत सामन्यांचाच विचार करावयाचा आहे, आणि त्यांतही एका लहानशा बाबीचा. ती बाब म्हणजे फलंदाजांचा क्रम. ती लहान आहे म्हणूनच सोयीची आहे. कर्णधाराची बुद्धि, त्याची भीति आणि त्याची नियत हीं तिच्यांत स्वच्छ दिसतात.

अमेरिकेंतील बेसबॉल या खेळांत सामन्यापूर्वींच नऊ जणांचा क्रम कागदावर लिहून पंचाच्या हातीं द्यावा लागतो. नववा खेळून झाला कीं पुन्हां पहिल्याची पाळी येते, असें चक्र शेवटपर्यंत चालतें. मधल्या कोणास वगळून पुढच्यास पाठविण्याची मुभा व्यवस्थापकास नसते. त्या देशांतील हिशेबी मंडळींनीं या क्रमाचें पुष्कळ गणित मांडलें आहे, आणि त्यांचा निष्कर्ष असा कीं, दोन समंजस क्रमांमध्यें संबंध हंगाम धरला तरी फरक थोड्याच धांवांचा पडतो. तरीही तेथील प्रेक्षक पराभवानंतर प्रथम या क्रमावरच तुटून पडतात. हें स्वाभाविक आहे. व्यवस्थापकाच्या पुष्कळशा गोष्टी पडद्याआड घडतात. क्रम मात्र सर्वांना वाचतां येतो.

क्रिकेटमध्यें तसा कागद नाहीं. एक गडी बाद झाला कीं पुढें कोणास पाठवावें, हें कर्णधार त्या क्षणीं ठरवूं शकतो, आणि नियमानें त्याला कोणी अडवूं शकत नाहीं. सकाळीं चौथा म्हणून सांगितलेला फलंदाज संध्याकाळीं आठवा होऊं शकतो. तेव्हां क्रिकेटमधील क्रम हा कायदा नसून कर्णधार व त्याचा गडी यांच्यामधील एक शब्द आहे. तो पाळण्याची सक्ति नाहीं, म्हणूनच तो मोडण्यास तसेंच सबळ कारण लागतें. सन १९३६ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत बिनसलें तें नेमकें येथें.

त्या दौऱ्याचे कर्णधार विजयानगरमचे महाराजकुमार होते. त्यांच्या नांवावर सर्व पापें लिहून मोकळें होण्याची आतां प्रथाच पडली आहे, म्हणून त्यांची दुसरी बाजूही सांगतों. सन १९३०-३१ मध्यें हॉब्ज व सट्क्लिफ यांच्यासारखे जगद्विख्यात फलंदाज आपल्या संघांतून हिंदुस्थानांत खेळविणारे हेच गृहस्थ. क्रिकेटवर त्यांनीं पैसा ओतला, आणि त्यांची हौस खरी होती. परंतु हौस व अधिकार यांचा सांधा जुळला नाहीं. कर्नल सी. के. नायुडू यांच्यासारखा कसलेला खेळाडू संघांत असतांना कर्णधारपद यांच्याकडे आलें तें मतांच्या जोरावर, खेळाच्या नव्हे. तीन कसोट्यांत मिळून त्यांच्या धांवा झाल्या अवघ्या ३३.

त्याच संघांत लाला अमरनाथ होते. डिसेंबर १९३३ मध्यें मुंबईस जिमखान्याच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध ११८ धांवा काढून कसोटींतील पहिलें भारतीय शतक त्यांनीं झळकाविलें होतें. इंग्लंडांतही त्यांचा हात चालत होता. एसेक्सविरुद्ध त्यांनीं दोन्ही डावांत शतकें केलीं, आणि गोलंदाजींतही ते पुढें होते. जूनमध्यें लॉर्ड्सवर मायनर काउंटीज या संघाशीं सामना चालू असतांना अमरनाथ यांस चौथ्या क्रमांकासाठीं तयार राहण्यास सांगण्यांत आलें. ते पॅड बांधून बसले. एक गडी बाद झाला, दुसरा झाला. पण पाळी त्यांची येईना. एकामागून एक दुसऱ्यांनाच पाठविण्यांत येऊं लागलें. पाठीच्या दुखण्यानें आधींच हैराण झालेला तो तरुण पॅड बांधून बसून राहिला, आणि शेवटीं खेळ संपण्यास कांहीं मिनिटें उरलीं असतांना त्याला पाठविण्यांत आलें. नाबाद परत आल्यावर त्यानें आपलें सामान खोलींत आपटलें आणि पंजाबींत जें बोलूं नये तें बोलला. संघाचे व्यवस्थापक मेजर ब्रिटन-जोन्स हे व्हाइसरॉयच्या पदरचे लष्करी गृहस्थ. त्यांनीं व कर्णधारांनीं मिळून अमरनाथ यांस मायदेशीं परत धाडलें. पहिली कसोटी अगदीं तोंडावर आली होती.

येथें वाचकांनीं एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. क्रम बदलण्याच्या त्या निर्णयामुळें त्या सामन्यांत संघाचें कांहीं बिघडलें नाहीं. धांवफलक पाहून तर कोणास असा कांहीं निर्णय झाला होता याचा संशयही येणार नाहीं. निकालावरून न्याय करणाऱ्यास हें सारें प्रकरण किरकोळ वाटावें. आमच्या मतें मात्र भारतीय क्रिकेटच्या इतिहासांत फलंदाजांच्या क्रमाविषयीं याहून वाईट निर्णय झाला नाहीं, कारण त्याला खेळांतलें कारणच नव्हतें. खेळपट्टी पाहून, गोलंदाज पाहून किंवा घड्याळ पाहून तो घेतला असता तर चुकीचा ठरूनही क्षम्य होता. येथें पाहिलें गेलें तें माणसाकडे, आणि तेंही त्याला त्याची जागा दाखविण्यासाठीं. अमरनाथ यांचें वर्तन चांगलें होतें असें नव्हे. संघाच्या खोलींत शिवीगाळ करणाऱ्या तरुणास कानपिचक्या मिळावयास हव्याच होत्या. परंतु कानपिचक्या देणें निराळें आणि समुद्रापार परत पाठविणें निराळें.

पुढें लॉर्ड्सवर पहिली कसोटी झाली. मर्चंट व आपले दत्ताराम हिंडळेकर यांनीं डावाची सुरुवात चांगली केली, पण मधली फळी कोसळून १४७ धांवांत डाव आटोपला. अमरसिंग यांनीं ३५ धांवांत ६ गडी बाद करून इंग्लंडला १३४ वर रोखलें. म्हणजे आघाडी आपली होती. दुसऱ्या डावांत आपण ९३ धांवांत बाद झालों आणि सामना नऊ गडी राखून इंग्लंडनें जिंकला. अमरनाथ असते तर निकाल बदलला असता, असें पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्ही तसें म्हणणार नाहीं, कारण तें म्हटलें कीं पुन्हां खासबागेचीच रीत आली. सामना जिंकला असता तरी तो निर्णय वाईटच ठरला असता.

दुसऱ्या कसोटीची कथा याच्या उलट आहे. हिंडळेकर मँचेस्टरला खेळूं शकले नाहींत, म्हणून मर्चंट यांच्या जोडीला मुश्ताक अली यांस सलामीला पाठवावें लागलें. पहिल्या डावांत भारताच्या २०३ धांवा झाल्या. इंग्लंडनें ८ बाद ५७१ वर डाव सोडला, आणि ३६८ धांवांचें ओझें डोक्यावर घेऊन ही जोडी पुन्हां मैदानांत उतरली. पहिल्या डावांत साऱ्या संघानें मिळून ज्या २०३ धांवा केल्या, तितक्याच या दोघांनीं पहिल्या गड्यासाठीं केल्या! मुश्ताक ११२, मर्चंट ११४. सामना वांचला. त्या दौऱ्यांतील क्रमाचा सर्वांत फलदायी बदल हा असा. आणि तो कोणाच्या बुद्धींतून निघाला नव्हता, तर यष्टिरक्षकाच्या गैरहजेरींतून निघाला होता. त्याचें श्रेय कर्णधारास द्यावयाचें असेल तर पानिपतच्या दिवशींच्या वाऱ्याचें श्रेयही अब्दालीला द्यावें लागेल.

दौऱ्यानंतर मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमाँट यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमण्यांत आली. जानेवारी १९३७ मध्यें तिचा अहवाल आला. समितीनें अमरनाथ यांस दोषमुक्त केलें. कर्णधारांविषयीं तिचा अभिप्राय असा होता कीं, क्षेत्ररक्षणाची मांडणी व गोलंदाजींतील बदल त्यांना समजत नसत आणि फलंदाजांचा नियमित क्रम त्यांनीं कधींच राखला नाहीं. एका मुख्य न्यायाधीशानें फलंदाजांच्या क्रमाची दखल घ्यावी, हें प्रथमदर्शनीं विनोदी वाटतें. पण शब्द पाहा: समितीनें क्रम चुकीचा होता असें म्हटलें नाहीं, तो नियमित नव्हता असें म्हटलें. चूक किती धांवांना पडली याचा हिशेब न्यायाधीश करीत बसला नाहीं. आज जो नियम लावला तो उद्यां लावला जात होता कीं नाहीं, इतकेंच त्यानें पाहिलें. इतिहासाच्या अभ्यासकांनीं हा नमुना जवळ बाळगण्यासारखा आहे.

योगायोग असा कीं, त्याच जानेवारी महिन्यांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, मेलबर्नला, एका कर्णधारानें फलंदाजांचा सबंध क्रम उलटा टांगला होता. ऑस्ट्रेलिया पहिल्या दोन कसोट्या हरून बसली होती, आणि नवे कर्णधार ब्रॅडमन यांच्यावर टीकेचा भडिमार चालू होता. पाऊस पडला. त्या काळीं खेळपट्ट्या झांकीत नसत. ओली खेळपट्टी उन्हानें तापूं लागली कीं चेंडू कसाही उसळे. ब्रॅडमन यांनीं ९ बाद २०० वर डाव सोडून इंग्लंडला त्या चिखलांत ढकललें. इंग्लंडचे कर्णधार ॲलन यांनींही डाव ओळखून ९ बाद ७६ वर आपला डाव सोडला. दिवस शनिवारचा, संध्याकाळची वेळ; रविवारीं विश्रांति. ब्रॅडमन यांनीं सलामीला कोणास पाठवावें? ओरायली व फ्लीटवुड-स्मिथ यांस. म्हणजे ज्यांच्या हातीं बॅट ही शोभेची वस्तु, अशा दोन गोलंदाजांना.

ओरायली पहिल्याच चेंडूवर बाद झाले.

निकालाच्या भक्तांनीं त्या क्षणीं आपला न्याय देऊन टाकला असेल. पण ब्रॅडमन यांना ओरायलींकडून धांवा नकोच होत्या. त्यांना तो रविवार हवा होता. स्वस्त गडी देऊन महाग वेळ विकत घेण्याचा तो व्यवहार होता, आणि पहिल्या चेंडूवर एक गडी जाणें हें त्या व्यवहारांत आधींच धरलेलें होतें. सोमवारपर्यंत खेळपट्टी वाळली. तरीही ५ बाद ९७ अशी स्थिति झालीच. मग सहाव्या क्रमांकावरील फिंगल्टन व सातव्या क्रमांकावरील ब्रॅडमन यांनीं सहाव्या गड्यासाठीं ३४६ धांवा जोडल्या. फिंगल्टन १३६, ब्रॅडमन २७०. ऑस्ट्रेलियानें ती कसोटी ३६५ धांवांनीं जिंकली, पुढच्या दोन्ही जिंकल्या, आणि मालिकाही घेतली. एक प्रश्न मात्र मनांत येतो. ब्रॅडमन सोमवारीं शून्यावर बाद झाले असते तर? भित्र्या कर्णधारानें गोलंदाजांच्या आड लपून संघ बुडविला, असें वर्तमानपत्रांनीं लिहिलें असतें. आणि तरीही शनिवारचा निर्णय जितका शहाणा होता तितकाच शहाणा राहिला असता.

आतां आपल्या मुलखाकडे येऊं. विजय हजारे हे सांगलीचे. फेब्रुवारी १९५२ मध्यें मद्रासला त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें पहिला कसोटी विजय मिळविला, आणि त्यांचा जयजयकार झाला. चार महिन्यांनीं, जूनमध्यें, लीड्सला पहिल्या डावांत आपले तीन गडी ४२ धांवांत गेले. त्यानंतर चौथ्या क्रमांकावरील हजारे (८९) व पांचव्या क्रमांकावरील वीस वर्षांचे विजय मांजरेकर (१३३) यांनीं २२२ धांवांची भागी केली. संघाच्या २९३ झाल्या, इंग्लंडच्या ३३४. दुसऱ्या डावांत हजारे यांनीं क्रम बदलला. पहिल्या डावांत तळाशीं खेळलेले यष्टिरक्षक माधव मंत्री तिसरे, मांजरेकर चौथे, स्वतः पांचवे. पुढें घडलें तें सर्वांस ठाऊक आहे. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, मंत्री, मांजरेकर हे चार गडी पहिल्या चौदा चेंडूंत बाद झाले, आणि फलकावर धांव एकही नव्हती. पहिल्याच कसोटींत खेळणाऱ्या ट्रूमन यांनीं मंत्री व मांजरेकर यांचे त्रिफळे लागोपाठच्या चेंडूंवर उडविले. हॅटट्रिकचा चेंडू खेळण्यास हजारे स्वतः उभे राहिले.

शून्यावर चार! असा फलक दिसला कीं विचार थांबतो आणि हंशा सुरू होतो. तरीही विचार करूं. मंत्री हे कांहीं ओरायली नव्हते; मार्च १९४९ मध्यें पुण्यास महाराष्ट्राविरुद्ध मुंबईकडून त्यांनीं २०० धांवा केल्या होत्या. नव्या चेंडूपुढें पहिल्या तिघांची दैना पहिल्या डावांत झालीच होती. अशा वेळीं एका पक्क्या फलंदाजास एक पायरी वर चढवून नव्या चेंडूची धार बोथट होऊं द्यावी, ही कल्पना कोणत्याही शहाण्या कर्णधारास सुचावी अशीच आहे. मांजरेकर यांस आपल्यापुढें पाठविलें हें मला स्वतःला तितकेंसें रुचत नाहीं. कोवळ्या पोरानें आदल्या डावांत शतक केलें म्हणून दुसऱ्या डावांत त्याला ढाल करूं नये. चौथी जागा कर्णधाराची होती व ती त्यानें सोडावयास नको होती. पण हा माझा आक्षेप मांजरेकर शून्यावर बाद झाले म्हणून नाहीं, त्यांनीं पन्नास केल्या असत्या तरी तो कायम राहिला असता. शून्यावर चार होण्याचें खरें कारण ट्रूमन यांचा वेग हें होतें, आणि तो वेग आपल्या फलंदाजांनीं घरीं कधीं पाहिलेला नव्हता. त्या पडझडींतून १६५ पर्यंत डाव नेला तो हजारे (५६) व दत्तू फडकर (६४) यांनीं.

हे फडकर कोल्हापूरचे. त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९२५ चा. आणि त्याच तारखेस, सहा वर्षें आधीं, १२ डिसेंबर १९१९ रोजीं, याच गांवांत भाऊसाहेब निंबाळकर जन्मले. फडकरांना कसोटी मिळाली, निंबाळकरांना एकही मिळाली नाहीं. निवड समितीचा न्याय करावयाचा म्हटलें कीं कोल्हापूरकराचा आवाज चढतो तो येथें.

डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास महाराष्ट्र व काठेवाड यांचा सामना झाला. काठेवाडच्या २३८ झाल्या. महाराष्ट्राचा पहिला गडी ८१ वर गेला आणि तिसऱ्या क्रमांकावर निंबाळकर आले. कमल भांडारकर (२०५) यांच्याबरोबर त्यांनीं दुसऱ्या गड्यासाठीं ४५५ धांवा केल्या, आणि ४ बाद ८२६ अशी धांवसंख्या झाली तेव्हां ते ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा ४५२ चा जागतिक उच्चांक नऊ धांवांवर होता. खेळ मध्यंतरासाठीं थांबला असतां काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनीं सामना सोडून दिला व आपला संघ घेऊन ते निघून गेले. ठाकोरसाहेबांविषयीं मात्र माझें मन कठोर आहे, आणि तें नऊ धांवा राहिल्या म्हणून नव्हे. उच्चांक ९० धांवांवर असता तरी मैदान सोडणें हें मैदान सोडणेंच होतें. क्षेत्ररक्षणाचे कष्ट संपविण्यासाठीं त्यांनीं खेळ संपविला.

निवड समितीची गोष्ट इतकी सरळ नाहीं. त्या हिवाळ्यांत वेस्ट इंडीजचा संघ येथें आला होता. ४४३ नंतर पंधरवड्यांतच कलकत्त्याची कसोटी होती, आणि तींत निंबाळकर नव्हते. हा अन्याय, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु त्याच डिसेंबरांत, पुण्याच्या सामन्यापूर्वीं थोडेच दिवस आधीं संपलेल्या मुंबईच्या कसोटींत, रुसी मोदी यांनीं ११२ व हजारे यांनीं नाबाद १३४ धांवा करून पराभव टाळला होता. त्या मालिकेंत मोदींच्या ५६० झाल्या, हजाऱ्यांच्या ५४३. समितीसमोर हें होतें. काठेवाडच्या गोलंदाजीविरुद्ध झालेल्या ४४३ आणि वेस्ट इंडीजच्या गोलंदाजीविरुद्ध झालेल्या ११२ यांत तिनें दुसरा आंकडा मोठा मानला, तर तिला मूर्ख म्हणतां येत नाहीं. शेवटच्या कसोटींत भारत विजयापासून सहा धांवांवर अडला. तेथें निंबाळकर असते तर त्या सहा मिळाल्या असत्या, हें बोलणें गोड आहे, पण तें बोलणेंच.

समितीस विचारावयाचा प्रश्न १९४८ चा नाहीं. तो पुढचा आहे. १९४९-५० मध्यें कॉमनवेल्थ संघाविरुद्ध एका अनधिकृत कसोटींत त्यांना खेळविलें, मग बाजूला ठेवलें. बडोदें, होळकर, रेल्वे असे संघ बदलीत ते धांवा करीत राहिले. प्रथम श्रेणीच्या ८० सामन्यांत त्यांच्या ४८४१ झाल्या, सरासरी जवळजवळ ४८. लीड्सला फलकावर शून्यावर चार लागले तेव्हां त्यांचें वय ३२ होतें, आणि तिसऱ्या क्रमांकासाठीं भारताला माणूस हवा होता. मोदी व हजारे यांच्या धांवांचें जें उत्तर समितीजवळ कलकत्त्याच्या वेळीं होतें, तें १९५२ मध्यें उरलें नव्हतें. दुसरें कोणतें उत्तर तिनें कधीं दिल्याचें दिसत नाहीं.

क्रिकेट मंडळानें २००२ सालचा सी. के. नायुडू पुरस्कार भाऊसाहेबांना दिला, तेव्हां ते ऐंशीच्या पुढें गेले होते. ११ डिसेंबर २०१२ रोजीं, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, ते कोल्हापुरांत वारले. प्रथम श्रेणींत चारशें धांवा करणारा त्यांच्याखेरीज दुसरा भारतीय फलंदाज तोंवर झाला नव्हता.